रात्रपाळी, सुट्टी आणि ओटी एकाच तासावर: पगाराचा प्रोग्राम कसा लिहावा

रत्नागिरीकडच्या आंबा कॅनिंगच्या एखाद्या युनिटमध्ये ३० एप्रिल २०२५ च्या रात्री आठला कामगार पाळीवर चढला आणि १ मेच्या सकाळी साडेसहाला उतरला, असं समजा. मध्ये अर्धा तास जेवणाचा. म्हणजे कामाचे दहा तास भरले. यातले काही तास रात्रपाळीच्या भत्त्याचे, काही महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीतले आणि शेवटचे दोन ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे. हिशोबाच्या सोयीसाठी तासाला ६० रुपये दर धरला तर या एका पाळीचे किती रुपये होतात? तीन प्रोग्रामांना विचारा, १०३५, ११५५ आणि १२७५ अशी तीन उत्तरं येतील, आणि बेरीज-गुणाकार तिघांचाही बरोबर असेल.

घोळ होतो तो एकाच मिनिटावर दोन-तीन नियम चढून बसतात तिथे. बहुतेक पगाराचे प्रोग्राम रात्रभत्त्याचा वेगळा, सुट्टीचा वेगळा, ओटीचा वेगळा असा हिशोब करतात आणि शेवटी सगळं एकत्र मिळवतात. तो रस्ता सोडा. आधी कामाच्या वेळेचे एकमेकांवर न चढणारे तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकड्याला त्याचा एकच दर लावायचा. पुढचं सगळं त्याच क्रमाने येतं.

कोड उघडण्याआधी मालकाची सही

प्रोग्रामरने स्वतः ठरवू नयेत असे काही प्रश्न आहेत. सुट्टीच्या दिवशी ओटी झाला तर दुप्पट द्यायचं, तिप्पट की चौपट? रात्रभत्ता ओटीच्या तासांनाही मिळतो का? मिळत असेल तर तो ओटीच्या मूळ दरात धरून दुप्पट करायचा, की बाहेरून सरळ जोडायचा? या पाळीच्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ५९ ओटीचा दर ‘साधारण वेतनदरा’च्या दुप्पट ठेवत होतं आणि त्या साधारण दरात मूळ पगाराबरोबर भत्तेही मोजत होतं, बोनस मात्र वगळत होतं. तेव्हा रात्रभत्ता आत की बाहेर, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून लेखी घ्यायचं. ‘नेहमी करतो तसंच करा’ एवढ्यावर भागवू नका. मॅनेजर बदलला की ते ‘नेहमी’ही बदलतं.

या लेखातल्या युनिटने असं ठरवलं आहे, असं धरू:

रात्रभत्ता रात्री १० ते सकाळी ६, तासाला १० रुपये, बाहेरून जोडायचा. सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाला दुप्पट. पाळीत आठ तास भरले की पुढे ओटी, तोही दुप्पट. सुट्टी आणि ओटी एकाच वेळी आले तर दोन्हींतला मोठा दर एकदाच. जेवणाची वेळ बिनपगारी. सुट्टी घड्याळाप्रमाणे, म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र.

कायद्यात तेव्हा दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती. या युनिटने करारात आठ घेतले आहेत, म्हणजे कामगाराच्या फायद्याचं, त्यामुळे तक्रार नाही.

कालावधी साठवायची पद्धत

प्रत्येक कालावधीला दोन टोकं ठेवायची: पासून आणि पर्यंत. ‘पासून’चं मिनिट धरायचं, ‘पर्यंत’चं धरायचं नाही. दहाला संपलेली पाळी आणि दहाला सुरू झालेली पाळी एकमेकींना फक्त टेकतात, त्यांच्यात एकही मिनिट सामायिक नसतं. हे एवढं पाळलंत की १ मिनिट जास्त, १ मिनिट कमी ही कटकट संपते आणि २३:५९ हा आकडा प्रोग्राममध्ये कुठेच लिहावा लागत नाही. दिवसाचा शेवट २३:५९ नव्हे, पुढच्या दिवसाचे ००:००.

वेळ नुसती साठवू नका, तारखेसकट साठवा. ‘२०:०० ते ०६:३०’ एवढंच ठेवलं की ‘शेवट सुरुवातीपेक्षा लहान असेल तर २४ मिळवा’ अशा ओळी प्रोग्रामभर पसरतात आणि त्यातली एखादी एके दिवशी विसरतेच. हिशोब पूर्णांक मिनिटांत करायचा. आपल्या उदाहरणात ३० एप्रिलची मध्यरात्र शून्य धरली तर रात्रीचे आठ म्हणजे १२००, पुढची मध्यरात्र १४४० आणि सकाळचे साडेसहा १८३०. रक्कमही पूर्णांकातच, रुपयांऐवजी पैशांत ठेवायची. तासाला १० रुपये म्हणजे मिनिटाला १६.६६ पैसे, असं आधीच भागून ठेवलंत तर महिनाअखेरीस रुपया-दोन रुपयांचा फरक निघतो आणि तो शोधण्यात अकाउंटंटची दुपार जाते. मिनिटं गुणिले तासाचा दर असं साठवत जा, ६० ने भाग शेवटी एकदाच.

टाइमझोनचं एकच सांगतो. परदेशी मार्गदर्शक लेखांचं निम्मं अंग उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याच्या भानगडीत जातं. आपल्याकडे ती नाही, भारतीय प्रमाणवेळ वर्षभर यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असते. पण डेटाबेस यूटीसीत आणि तारीख तिथूनच उचललेली, असं असेल तर १ मे उजाडतो आपल्या पहाटे साडेपाचला. वरच्या कामगाराचे सुट्टीतले सहा तास एका तासावर येतात आणि कुठे एररही दिसत नाही. साठवा यूटीसीत हवं तर, पण दिवस, सुट्टी आणि रात्रीच्या सीमा भारतीय वेळेत काढा.

एकच फंक्शन

दोन कालावधींचा परस्परसंबंध किती तऱ्हांचा असू शकतो? संगणकशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलन यांनी १९८३ मध्ये १३ मोजून दाखवल्या: आधी, टेकून, अर्धवट चढलेला, पोटात, समान वगैरे. त्या तेरांसाठी तेरा ‘जर’ लिहिणारे प्रोग्रामर मी पाहिले आहेत. पगाराला तेरा लागत नाहीत. सामायिक मिनिटं किती, एवढंच हवं असतं आणि ते तीन ओळींत येतं:

```
सामायिक(अ, ब):
    सुरुवात = मोठा(अ.पासून, ब.पासून)
    शेवट    = लहान(अ.पर्यंत, ब.पर्यंत)
    उत्तर    = मोठा(०, शेवट − सुरुवात)
```

दोघांपैकी उशिरा सुरू होणारा आणि आधी संपणारा यांच्यामधलं अंतर. ते ऋण आलं तर दोघांची भेटच नाही, म्हणून शून्य. जेवणानंतरचं काम १५०० ते १८३० आणि रात्रभत्त्याची खिडकी, म्हणजे तो लागू असतो तो वेळ, १३२० ते १८००. मोठी सुरुवात १५००, लहान शेवट १८००, उत्तर ३०० मिनिटं. भाषा कोणतीही असो, हे फंक्शन एकदाच लिहा आणि हाच हिशोब दुसरीकडे कुठे हाताने केलेला सापडला तर तो काढून टाका.

एक पथ्य पाळा. ज्याचं ‘पर्यंत’ ‘पासून’च्या आधी आहे असा कालावधी या फंक्शनपर्यंत पोचूच द्यायचा नाही. तो आत आला तर उत्तर गुपचूप शून्य येतं आणि कामगाराची पाळीच्या पाळी गायब होते. कालावधी तयार होतानाच तपासा आणि तिथेच थांबा.

हजेरी स्वच्छ करणे

खरी मेहनत इथे आहे, आणि ती शहरातल्या ऑफिसपेक्षा किनाऱ्यावरच्या युनिटमध्ये जास्त आहे. काजूच्या टरफलातल्या तेलाने हाताची कातडी सोलते, मासळी सोलणाऱ्या बायकांची बोटं पाण्याने सुरकुततात, आणि थंब मशीन अशी बोटं पुष्कळदा ओळखत नाही. वळवाच्या पहिल्या सरीबरोबर लाइट जाते. मग सुपरवायझर रजिस्टरात हाताने नोंद करतो. महिनाअखेरीला एकाच माणसाच्या मशीनच्या नोंदी आणि रजिस्टरच्या नोंदी अशा दोन्ही तुमच्यासमोर येतात, आणि त्या एकमेकींवर चढलेल्या असतात.

आपल्या कामगाराच्या नोंदी अशा आहेत. मशीनवर २०:०० ते ०२:१०. मग लाइट गेली. रजिस्टरात ०२:०० ते ०६:३०. सरळ बेरीज केली तर १० तास ४० मिनिटं. दहा मिनिटं दोनदा मोजली गेली. म्हणून आधी नोंदी एकत्र करायच्या:

```
एकत्र(यादी):
    यादी ‘पासून’प्रमाणे चढत्या क्रमाने लावा
    निकाल = रिकामा
    प्रत्येक नोंद न साठी:
        निकाल रिकामा नाही आणि न.पासून <= शेवटची.पर्यंत असेल तर
            शेवटची.पर्यंत = मोठा(शेवटची.पर्यंत, न.पर्यंत)
        नाहीतर
            न निकालात जोडा
```

इथे ‘शेवटची’ म्हणजे निकालात सर्वात शेवटी बसलेली नोंद. तो ‘मोठा’ घाईत गळतो आणि तिथे थेट न.पर्यंत लिहिलं जातं. एरवी काही बिघडत नाही. पण एखादी छोटी नोंद मोठ्या नोंदीच्या पोटात असेल, म्हणजे २०:०० ते ०६:३० च्या आत सुपरवायझरने ०२:०० ते ०३:०० अशीही एक नोंद करून ठेवली असेल, तर पाळी ०३:०० ला संपते आणि साडेतीन तास जातात.

बाहेर जाण्याचा पंच (मशीनवरची नोंद) नसेल तर तिथे स्वतःहून वेळ भरू नका. पाळीची नेहमीची वेळ नाही, मध्यरात्रही नाही. ती नोंद ‘अपुरी’ म्हणून बाजूला काढा आणि पगार चालवण्याआधी सुपरवायझरकडून पुरी करून घ्या.

ठेकेदारी असेल तिथे आणखी एक तपासणी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात मासळीच्या युनिटांचा कच्चा माल आटतो आणि कंत्राटी माणसं इकडून तिकडे हलतात. बंदी उठल्यावर परततात तेव्हा कधी जुन्या ठेकेदाराच्या यादीतही नाव, कधी नव्याच्याही. दोन वेगवेगळे कोड, माणूस एक, तास तेच. हे ‘एकत्र’ने मिटवू नका, कारण प्रत्यक्षात दोघांपैकी एकाचं बिल खोटं आहे. इथे सामायिक मिनिटं शून्यापेक्षा जास्त निघाली की यादी छापा आणि माणसाने निर्णय घ्यावा.

आता जेवणाची वेळ वजा करायची: ००:३० ते ०१:००. वजाबाकीत एका कालावधीचे दोन होऊ शकतात, एक राहू शकतो किंवा काहीच उरत नाही, तेव्हा फंक्शनचं उत्तर नेहमी यादी असू द्या. आपल्याकडे दोन उरले: २०:०० ते ००:३० आणि ०१:०० ते ०६:३०. साडेचार आणि साडेपाच, दहा तास.

नियम मोडला आहे का हेही याच यादीवरून फुकटात कळतं. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती हवी होती, आणि जेवणानंतरचा तुकडा साडेपाच तासांचा आहे. कलम ५६ प्रमाणे विश्रांती धरून दिवसाचा पसारा, म्हणजे चढल्यापासून उतरेपर्यंतचा वेळ, साडेदहा तासांच्या वर जायला नको होता. इथे तो बरोबर साडेदहा आहे, म्हणजे काठावर पास. पसारा मोजताना जेवण वजा केलेली यादी नव्हे, त्याआधीची वापरायची. हे दोन इशारे पगारपत्रकात नकोत, मॅनेजरच्या वेगळ्या कागदावर द्या. निरीक्षक येण्याआधी त्याला कळलेलं बरं.

तुकडे पाडणे

नारळाच्या झापाला जिथे-जिथे कोयती लागेल तिथे तो तुटतो, तसं पाळीचं. प्रत्येक नियमाची सुरुवात आणि शेवट हा एक काप. सगळे काप गोळा करा, क्रमाने लावा, दुहेरी काढून टाका आणि कामाचे कालावधी त्या-त्या ठिकाणी तोडा.

आपल्या पाळीतले काप: रात्रभत्ता सुरू २२:००, सुट्टी सुरू ००:००, रात्रभत्ता संपतो ०६:००. ओटी कुठे सुरू होतो हे घड्याळ सांगत नाही, ते काम मोजून काढावं लागतं. जेवणापर्यंत साडेचार तास भरले, आठला उरले साडेतीन, ते ०१:०० पासून मोजले की ०४:३०. हा चौथा काप. जेवण वजा करण्याआधी हा काप काढला तर तो ०४:०० ला पडतो आणि अर्धा तास फुकटचा ओटी जातो. म्हणून क्रम ठरलेला: एकत्र, वजा, मग ओटीचा काप.

| तुकडा | मिनिटं | लागू नियम | रुपये |
|---|---|---|---|
| २०:०० ते २२:०० | १२० | काही नाही | १२० |
| २२:०० ते ००:०० | १२० | रात्र | १४० |
| ००:०० ते ००:३० | ३० | रात्र, सुट्टी | ६५ |
| ०१:०० ते ०४:३० | २१० | रात्र, सुट्टी | ४५५ |
| ०४:३० ते ०६:०० | ९० | रात्र, सुट्टी, ओटी | १९५ |
| ०६:०० ते ०६:३० | ३० | सुट्टी, ओटी | ६० |

मिनिटांची बेरीज ६००. ही बेरीज स्वच्छ हजेरीच्या बेरजेशी जुळलीच पाहिजे, आणि ही तपासणी प्रोग्राममध्ये कायमची ठेवा. जुळली नाही तर त्या कामगाराचा पगार काढायचाच नाही. रुपये १०३५.

११५५ चं उत्तर येतं ते सुट्टीचा जादा ३६० आणि ओटीचा जादा १२० वेगवेगळे काढून दोन्ही मिळवले तर. शेवटच्या दोन तासांना तिप्पट लागली. १२७५ येतं ते दोन पटी एकमेकींनी गुणल्या तर, म्हणजे चौपट. एखाद्या युनिटच्या करारात तिप्पट असेल तर ११५५ हेच बरोबर. पण ते कोणीतरी ठरवलेलं असावं, आपोआप घडलेलं नसावं. तुकड्याच्या पद्धतीत हा निर्णय एकाच जागी असतो: तुकड्याला लागू नियमांची यादी द्या, दर परत मिळवा. धोरण बदललं की तेवढंच फंक्शन बदलायचं.

रात्रभत्त्याच्या खिडकीविषयी एक खबरदारी. ती रोज नव्याने येते, त्यामुळे पाळीच्या तारखेची एकच खिडकी बनवून चालत नाही. मासळी उतरवायला पहाटे चारला आलेल्या माणसाचे पहिले दोन तास आदल्या रात्री दहाला सुरू झालेल्या खिडकीत येतात. पाळीच्या आदल्या दिवसापासून पाळी संपते त्या दिवसापर्यंत प्रत्येक तारखेची खिडकी तयार करा. एखादी जास्त झाली तरी बिघडत नाही, सामायिक मिनिटं शून्य येतात एवढंच.

मध्यरात्रीनंतरचे तास कोणत्या दिवसाचे?

कॅलेंडर आणि कायदा इथे वेगळं बोलतात. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर नंतरचे तास आदल्याच दिवसात मोजायचे होते. तारीख बदलली म्हणून तासांचा काटा शून्यावर आणला, तर आपल्या कामगाराचे ३० एप्रिलला चार आणि १ मेला सहा तास दिसतात, आणि ओटी शून्य. काटा पाळीबरोबर चालतो, तारखेबरोबर नाही.

साप्ताहिक सुट्टीचंही तेच कलम. रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. शनिवारी रात्री दहाला चढून रविवारी सकाळी सहाला उतरला, तर त्याचा रविवार रविवारी सहापासून सोमवारी सहापर्यंत. प्रोग्रामने कॅलेंडरचा रविवार धरला तर शनिवारच्या पाळीतल्या सहा तासांना विनाकारण दुप्पट लागते. उलट सोमवारी पहाटे चारला त्याला बोलावलं तर तो सुट्टीवर असूनही साधा दर मिळतो. लोटे परशुरामसारख्या तीन पाळ्यांच्या रासायनिक वसाहतीत हे दर आठवड्याला घडणारं आहे, तेव्हा साप्ताहिक सुट्टीचा कालावधी हजेरीतूनच तयार करा, कॅलेंडरमधून उचलू नका.

सणाच्या सुट्टीचं काय करायचं हे युनिटचं धोरण. आपण घड्याळ धरलं. पाळी ज्या तारखेला सुरू झाली ती धरली असती तर ही पाळी ३० एप्रिलची ठरून सुट्टीचा दर कुठेच लागला नसता आणि उत्तर ७९५ आलं असतं. त्या पद्धतीत १ मेच्या रात्री चढणाऱ्याला २ मेच्या पहाटेपर्यंत सुट्टीचा दर मिळतो. वर्षभरात दोन्हींचा खर्च फारसा वेगळा पडत नाही, पण अर्धं वर्ष एक आणि अर्धं दुसरी असं झालं तर भांडण ठरलेलं.

आठवड्याचा ओटी

१९४८ च्या कायद्यात दिवसाची मर्यादा ९ तास आणि आठवड्याची ४८ होती, तीच इथे धरू. सहा दिवस रोज साडेनऊ तास काम केलं तर आठवड्याचे ५७. रोजचा अर्धा म्हणजे दिवसाचा ओटी ३ तास. ४८ च्या वरचे ९. दोन्ही मिळवून १२ देणारा प्रोग्राम तीन तास दोनदा मोजतो. दिवसाच्या ओटीचे तुकडे बाजूला ठेवा, उरलेल्या ५४ तासांतले ४८ च्या वरचे ६ घ्या. ३ आणि ६ मिळून ९. इथेही आठवड्याचा ओटी हा एक कापच आहे, ओटी नसलेले तास क्रमाने मोजत ४८ भरतात तिथे पडणारा.

आठवडा महिन्याच्या मध्ये तुटला तरी मोजणी तोडायची नाही. आठवडा पूर्ण मोजा, मग तुकडे त्यांच्या तारखेप्रमाणे त्या-त्या महिन्यात टाका.

रजा, महिना आणि तारखांचे कालावधी

गणपतीत कोकणातलं कुठलंही युनिट निम्म्याहून रिकामं असतं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि गौरी-गणपती विसर्जन २ सप्टेंबरला. कामगाराने अर्ज लिहिला: २५ ऑगस्ट ते २ सप्टेंबर. माणूस तारखा लिहितो तेव्हा दोन्ही टोकं धरतो, प्रोग्राम शेवटचं धरत नाही. अर्ज आत घेतानाच ‘पर्यंत’मध्ये एक दिवस मिळवा: २५ ऑगस्टपासून ३ सप्टेंबरपर्यंत. मग तेच तीन ओळींचं फंक्शन ऑगस्टशी लावलं की ७ दिवस, सप्टेंबरशी लावलं की २. एकूण ९, कुठे अधिक एक, उणे एक नाही. पडद्यावर दाखवताना पुन्हा एक वजा करून दाखवा, नाहीतर ‘मी तीन तारखेला कामावर होतो’ म्हणत माणूस ऑफिसात येईल.

या नऊ दिवसांत चतुर्थीची सुट्टी आणि ३१ ऑगस्टचा रविवार येतो. ते रजेच्या खात्यातून वळते करायचे की नाहीत, हा पुन्हा मोठा कोण हाच प्रश्न. दिवसाचे तुकडे, प्रत्येकाला एक शिक्का. अर्ध्या दिवसाची रजा आणि अर्धा दिवस हजेरी असेल तर दिवसाचे दोन अर्धे करून तीच रीत.

दरांचे तक्ते

महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. ३० जूनच्या रात्रपाळीत दर मध्यरात्री बदलणार, म्हणजे आणखी एक काप. म्हणून दर कोडमध्ये लिहायचे नाहीत, पासून-पर्यंत लावून तक्त्यात ठेवायचे. चालू दराचा ‘पर्यंत’ मोकळा. हिशोबात मोकळ्याचा अर्थ ‘अजून संपलेला नाही’ असा घ्या. त्याला शून्य समजणारा प्रोग्राम चालू दरच लावत नाही.

कायद्याच्या मर्यादाही याच तक्त्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि ज्यांनी १९४८ च्या कायद्यातला ९ चा आकडा कोडमध्ये दहा ठिकाणी लिहिला होता त्यांना तो दहा ठिकाणी शोधावा लागला. बायकांच्या कामाच्या वेळेचंही तसंच. जुन्या कायद्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही चौकट होती, पण मासळी खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांना माल खराब होऊ नये म्हणून सूट देण्याची मुभा राज्य सरकारला कलम ६६ मध्येच होती. एकाच एमआयडीसीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन युनिटांना वेगळी खिडकी. नव्या संहितेत संमती घेऊन रात्रीचं काम चालतं. हे सगळं तारखेच्या आणि युनिटच्या रकान्यात मावतं, कोडला हात न लावता.

तक्त्यात एकाच कामगारासाठी किंवा एकाच वर्गासाठी दोन ओळी एकमेकींवर चढल्या तर कोणता दर खरा? त्यातला वरचा किंवा नंतरचा उचलू नका, थांबा. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर त्यातले रेंज टाइप (पासून-पर्यंत एकत्र साठवणारा प्रकार) आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (चढणाऱ्या ओळींना मनाई करणारा नियम) हे काम डेटाबेसकडूनच करून घेतात: चढणारी ओळ आत जातच नाही. त्याची रेंज न सांगताही शेवटचं टोक वगळते, म्हणजे आपल्या पद्धतीशी जुळते. मधली फट मात्र तो पकडत नाही, ती तपासणी तुमची.

एक्सेलवरच चालवत असाल तर

कुडाळ, चिपळूणकडची कितीतरी छोटी युनिटं एक्सेलवरच पगार काढतात, आणि शंभरेक माणसांपर्यंत त्यात वावगं काही नाही. तिथेही तीन ओळींचं फंक्शन मॅक्स आणि मिनने एका सेलमध्ये बसतं. अटी दोन: सेलमध्ये तारीख आणि वेळ एकत्र हवी, आणि हिशोबाआधी १४४० ने गुणून राउंडने पूर्ण मिनिटं करायची. एक्सेल वेळेला दिवसाचा अपूर्णांक म्हणून ठेवतं, दहा मिनिटं म्हणजे १/१४४, आणि अशा अपूर्णांकांच्या बेरजेत ‘आठ तास भरले का’ हा प्रश्न कधी आठला एक केस कमी असं उत्तर देतो. मध्यरात्रीसाठी मॉड (भागाकाराची बाकी काढणारं फंक्शन) वापरायची युक्ती प्रसिद्ध आहे. तिने पाळीची लांबी बरोबर येते, पण पाळी कुठल्या दिवसावर आहे ही माहिती जाते, त्यामुळे सुट्टीशी ताडून बघायला ती निरुपयोगी.

चाचण्या आणि मागचे फरक

चाचणीला आधी टोकं घ्या, मधलं आपोआप जमतं. टेकणारे दोन कालावधी: शून्य. एक दुसऱ्याच्या पोटात: लहानाची लांबी. दोन्ही समान. शून्य लांबीचा कालावधी. २८ फेब्रुवारीची रात्रपाळी, लीप वर्षात आणि एरवी. ३१ डिसेंबरची रात्रपाळी, जिथे वर्ष, महिना आणि विशेष भत्ता एकदम बदलतात. जेवणाची वेळ बरोबर मध्यरात्रीवर पसरलेली. ओटीचा काप नेमका जेवणाच्या सुरुवातीला. आणि वरची ३० एप्रिलची पाळी जशीच्या तशी, उत्तर १०३५. धोरणात कोणी बोट घातलं की हीच चाचणी आधी ओरडेल.

पंधरा मिनिटांचं राउंडिंग करायची पद्धत असेल तर ते पंचवर करा, नोंदी एकत्र करण्याआधी. तुकड्यांवर करू नका. सहा तुकडे वेगवेगळे राउंड केले तर बेरीज ६०० येण्याची खात्री नाही.

तुकडे हिशोब झाल्यावर फेकून देऊ नका. तुकडा, लागू नियम, वापरलेला दर आणि पगार चालवल्याची तारीख अशी ओळ साठवा. पगार वाटून झाल्यावर सुपरवायझर रजिस्टरातली ०६:३० ची वेळ ०७:०० करून आणतो तेव्हा जुन्या ओळींना हात लावायचा नाही. नवे तुकडे पाडा, जुन्याशी वजाबाकी करा. ०६:३० ते ०७:०० हा सुट्टी आणि ओटीचा अर्धा तास, ६० रुपये, पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात ‘एप्रिल-मे पाळीचा फरक’ म्हणून वेगळ्या ओळीत. त्याच दुरुस्तीने दिवसाचा पसारा अकरा तासांवर गेलेला असतो, म्हणजे मॅनेजरच्या कागदावर नवा इशाराही छापला गेला पाहिजे.